देवगिरी: रामदेवरावाच्या मागावर

दौलताबादच्या, म्हणजे जुन्या देवगिरीच्या, किल्ल्यावर गाईड मंडळी सगळा जीव अंधारीसाठी, म्हणजे गडावर नेणाऱ्या काळोख्या भुयारी वाटेसाठी, राखून ठेवतात. उकळतं तेल, फसवे जिने, खंदकातल्या मगरी. ऐकायला मजा येते, पण मी ज्या राजासाठी इथे आलो होतो, त्याच्या कामी यातलं काहीच आलं नाही. रामदेवराव यादवाचा गड कुणी फोडला नाही. धान्य संपलं आणि तो झुकला.

1296 साली उत्तरेतल्या कडा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी आठेक हजार स्वार घेऊन अचानक येऊन थडकला. तेव्हा तो सुलतानही झालेला नव्हता. यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. रामदेवरावाने गडाचा आसरा घेतला. घाईघाईत वर चढवलेल्या कोकणच्या व्यापाऱ्यांच्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं फिरिश्ता हा फारसी इतिहासकार लिहितो. त्यात थोडं तिखटमीठ त्याचंही असेल. खंडणी ठरली आणि पुढे ती थकली. मग 1307-08 मध्ये अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला आणि राजाला धरून दिल्लीला घेऊन गेला.

इथवरचं शाळेत शिकवतात. पुढचा भाग मात्र आपण भराभर उरकतो. अलाउद्दीनने कैद्याला मारलं नाही. ‘रायरायान’ किताब दिला, एक लाख सोन्याचे टंके दिले, नवसारीचा मुलूख दिला आणि सहाएक महिन्यांनी परत पाठवलं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ‘न्यायातें पोषी’ म्हणून ज्याचं नाव येतं, तोच राजा आता दिल्लीचा मांडलिक होऊन इथे राहिला. दक्षिणेतल्या वारंगळ आणि द्वारसमुद्र या राज्यांवर निघालेल्या काफूरच्या फौजांना त्याने मदतही केली. लोक याला लाचारी म्हणतात. मला तसं पटकन म्हणवत नाही, कारण तो होता तोवर देवगिरीवर पुन्हा स्वारी झाली नाही. 1311 च्या सुमारास तो गेला, मुलाने बंड केलं आणि काफूरने त्याला ठार केलं. 1318 मध्ये जावई हरपालदेवाची अलाउद्दीनचा मुलगा सुलतान मुबारक खिलजी याने जिवंतपणी कातडी सोलली.

हे डोक्यात ठेवून किल्ला पाहायचा असेल तर एक लक्षात घ्या: दिसतं त्यातलं बरंचसं नंतरचं आहे. चांद मिनार बहमनींचा, वरची बारादरी मुघलांच्या काळातली. चिनी महालात औरंगजेबाने गोवळकोंड्याच्या अबुल हसन कुतुबशहाला कैदेत ठेवलं होतं. तो मात्र परत गेला नाही. यादवकाळ पाहायचा तर वाटेतल्या भारतमाता मंदिरात थांबा. मुबारक खिलजीच्या काळातली ही मशीद जुन्या देवळांच्या खांबांवर उभी राहिली. भारतमातेची मूर्ती आली ती हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर. एकेका खांबाजवळ जाऊन पाहा. खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल. शेजारच्या दोन खांबांची नक्षी एकमेकांशी जुळेलच असं नाही. बहुतेक लोक इथे दोन फोटो काढून निघतात. हे चढतानाच पाहून घ्या, उतरताना पायांत त्राण उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द डोंगर. खंदकावरच्या पुलावर उभं राहून मान वर केली की सरळसोट तासलेला कडा दिसतो, आणि उन्हाचा कोन जुळला तर टाकीचे घावही. हे तासकाम नेमकं कुठल्या राजवटीचं किती, यावर जाणकारांत वाद आहे. पण असल्या कड्यावर बसलेला राजा का वाकला, याचं उत्तर वर पोचेपर्यंत आपोआप मिळतं. वर सगळंच चढवून आणावं लागतं.

जाणाऱ्यांसाठी: तिकीटखिडकी उघडताच आत शिरा, दहानंतर कातळ तापतो. पाणी खालूनच भरून घ्या. खाऊ पिशवीत दिसेल असा ठेवू नका, माकडं झडप घालतात. अंधारीत मोबाइलच्या उजेडापेक्षा छोटी बॅटरी बरी. पायऱ्या उंच-सखल आहेत आणि वटवाघळांचा वास नाकात बसतो. दमा असेल किंवा बंद जागेची भीती वाटत असेल, तर खंदकापर्यंतच जा. खांब आणि कडा तेवढ्यात पाहून होतात. चपला नकोत, बूट घाला. टोकापर्यंत जाऊन यायला अर्धा दिवस धरा.

संभाजीनगरहून वेरूळ-खुलताबादकडे जाणारी एसटी किल्ल्याजवळ सोडते, अंतर पंधराएक किलोमीटर. वेरूळ जोडून करणार असाल तर मंगळवार टाळा, लेणी बंद असतात. आणि दिवाळीच्या आसपास गेलात तर रस्त्याकडेच्या पाट्यांतली सीताफळं घ्या, पण डोळा उघडलेली घेऊन लगेच खा. पिकलेली घरापर्यंत टिकत नाहीत.