खरं उत्तर महाग पडलं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा विषय मी सहज सांगायचे: दोन फोटोंवरून वस्तू किती लांब आहेत ते काढायचं, आणि त्यामागचं गणित इतरांपेक्षा चांगलं सोडवायचं. भर अर्थातच 'सोडवण्या'वर.

शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कॅमेऱ्यांच्या फोटोंत जवळची वस्तू जास्त सरकलेली दिसते, लांबची कमी. कुठला पिक्सेल किती सरकला, एवढाच स्टिरिओचा प्रश्न. त्यासाठी आमच्याकडे सगळ्यांनी घासून गुळगुळीत केलेली एक फोटोंची जोडी आहे, त्सुकुबा: टेबलावरचा दिवा, पुतळ्याचं डोकं, मागे पुस्तकं. ३८४ बाय २८८ पिक्सेल, किती सरकला याचे प्रत्येकाला १६ पर्याय. प्रत्येक पिक्सेलला एकेक पर्याय दिला की एक नकाशा तयार होतो. असे सगळे नकाशे तपासणं अशक्य, म्हणून प्रत्येक नकाशाला दंड लावायचा. जुळवलेले रंग वेगळे, तर दंड. शेजारच्या पिक्सेलचं उत्तर वेगळं, तर आणखी दंड. या एकूण दंडाला आम्ही 'ऊर्जा' म्हणतो, आणि सगळ्यात कमी ऊर्जेचा नकाशा तो बरोबर असं धरतो.

पर्याय दोनच असते तर ग्राफ कटने, म्हणजे पिक्सेलचं जाळं सगळ्यात स्वस्त जागी कापून दोन गट पाडण्याच्या पद्धतीने, हे बिनचूक सुटतं. जास्त झाले आणि वेगळेपणाचा दंड सरसकट असला (फरक कितीही असो, दंड तेवढाच), की प्रश्न एनपी-हार्ड, म्हणजे बिनचूक आणि झटपट सोडवायची पद्धत कुणालाच माहीत नाही असा. मग जवळपासचं उत्तर देणारी पद्धत घ्यायची: बॉयकॉव, वेक्स्लर आणि झाबिह यांचं अल्फा-एक्सपान्शन वापरा, नाहीतर कोल्मोगोरोव यांचं टीआरडब्ल्यू-एस. दुसऱ्याची गंमत अशी, की ते तळही दाखवतं, म्हणजे असा आकडा की त्याहून कमी ऊर्जेचा नकाशा असूच शकत नाही. माझं उत्तर त्या तळाला जवळजवळ टेकलं होतं. नकाशात दिव्याची दांडी मधेच तुटलेली दिसत होती, पण ती माझं उत्तर आणि तळ यांच्यात राहिलेल्या फटीची करामत असणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

निकालांचा तक्ता बघून माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "खऱ्या नकाशाची ऊर्जा किती येते? तीही ओळ घाल."

खरा नकाशा म्हणजे माणसांनी हाताने आखलेलं उत्तर. दुपारी तो कोडला दिला आणि आकडा आला माझ्या उत्तरापेक्षा जास्त. थोडाथोडका नाही, चांगलाच जास्त. मॅडमचा पहिला प्रश्न, "कडेची पट्टी काढलीस ना?" त्या नकाशात कडेचे १८ पिक्सेल भरलेलेच नसतात. काढली होती. मग तेवढ्याच भागावर माझं उत्तर नव्याने काढलं. निकाल तोच.

संध्याकाळभर आम्ही दंडाची फोड करत बसलो. दांडीला क्षेत्रफळ जेमतेम, पण कडा लांबच लांब. तिला खरी जागा दिली की कडेभर दंड बसतो, त्यापेक्षा तिला मधेच पुसून टाकणं स्वस्त. दुसरी गोष्ट, दिव्याच्या बाजूचे काही पिक्सेल एकाच फोटोत दिसतात, दुसऱ्यात दिव्याआड जातात. त्यांना जोडीदारच नाही. खरा नकाशा तिथे दंड भरतो, माझा कुठला तरी सारख्या रंगाचा परका पिक्सेल पकडून सुटतो. म्हणजे मी तळाला आणखी चिकटले असते तरी दांडी जुळली नसती.

रात्री शोधलं तर टॅपेन आणि फ्रीमन यांनी २००३ मध्ये हेच नोंदवलेलं, मेल्टझर, यानोव्हर आणि वाइस यांनी २००५ मध्ये पुन्हा. चिडचिड झाली. इतक्या वर्षांपूर्वी हे छापून आलं, तरी आम्ही तळाशी शर्यत लावतो, कारण ऊर्जेचा आकडा तक्त्यात छान दिसतो. चांगली ऊर्जा कुठली, याला असा सोपा आकडा नाही.

पुढच्या आठवड्यात आड गेलेले पिक्सेल वेगळे धरणारी ऊर्जा लिहायला घेतली. कल्पना नवी नाही, कोल्मोगोरोव आणि झाबिह यांची २००१ची. ती सोडवायला त्रासदायक, तळापासूनचं अंतर वाढलं, पण चुकलेले पिक्सेल कमी झाले. नोंदणीच्या फॉर्मवर माझा विषय अजून 'जलद ऑप्टिमायझेशन' असाच आहे. तो बदलायला समितीच्या सगळ्या सह्या लागतात.