आधी नीट मारायला शिका

ऐकिदो या जपानी युद्धकलेच्या वर्गात नागेच्या, म्हणजे तंत्र करणाऱ्याच्या, चुका सगळे दुरुस्त करतात; उकेच्या, म्हणजे हल्ला करून मग पडणाऱ्याच्या, प्रहाराकडे फारसं कुणी पाहत नाही. उके हात वर नेतो, हवेत कुठेतरी खाली आणतो आणि पुढच्या पडण्याच्या तयारीला लागतो. अशा हल्ल्यावर कुठलंही तंत्र चालतं, म्हणून ते बरोबर झालं की चूक हे कधी कळतच नाही.

शोमेनउची, म्हणजे डोक्यावरचा सरळ प्रहार, घ्या. हाताची ही हालचाल तलवारीच्या उभ्या वाराची आहे. करंगळीच्या बाजूची कड, म्हणजे तेगाताना, कपाळाच्या मध्यावर यायला हवी. बोटं जुळलेली, अंगठा आत, कोपर किंचित वाकलेलं. पाऊल टेकतं त्याच क्षणी हातही पोचला पाहिजे. पाऊल आधी पडलं तर मागून येतो तो नुसता दंड, त्यात कमरेचं वजन नसतं. बोक्केनच्या (लाकडी तलवारीच्या) सुबुरीत, म्हणजे एकट्याने पुन्हा पुन्हा वार करण्याच्या सरावात, ही चूक लगेच जाणवते, कारण तलवार मागे राहून खांदे ओढते. म्हणून रिकाम्या हाताच्या सरावाआधी वीस-पंचवीस सुबुरी करणं फायद्याचं.

नेहमी दिसणाऱ्या चुका तीन. पहिली, अंतर. माआई, म्हणजे दोघांमधलं अंतर, अशी हवी, की एक पाऊल टाकल्याशिवाय हात पोचणार नाही. जवळ उभं राहिलं की पाऊल लागत नाही आणि नागेला रेषेबाहेर जायला वेळच मिळत नाही. दुसरी, नागे जिथे सरकणार तिथे आधीच मारणं. ही भलतीच मनमिळाऊ चूक आहे. तिसरी, पुढे झुकणं. उके स्वतःच तोल घालवून बसतो आणि नागेला वाटतं, आपण तोल मोडला.

या तिन्हींवर एकच कसरत पुरते. नागे हलत नाही. उके पूर्ण अंतरावरून, आधी संथ, शोमेनउची मारतो आणि कपाळापासून मूठभर अलीकडे थांबतो. दोन्ही बाजूंनी दहा-दहा. हात नाकासमोर थांबला की कानाशेजारी, ते नागेनं सांगायचं. नंतर त्याच प्रहारावर नागे अगदी शेवटच्या क्षणी बाजूला होतो. कपाळ होतं तिथून हात सरळ खाली गेला पाहिजे. वेग वाढवायचा तो थांबण्यावर ताबा आल्यावरच, नवख्याबरोबर मुळीच नाही.

योकोमेनउचीत, म्हणजे डोक्याच्या बाजूवरच्या तिरक्या प्रहारात, हात बाहेरून मोठा वळसा घेऊन आणू नये. तो शोमेनसारखाच मधून वर जातो आणि तिरका कानशिलाकडे किंवा मानेच्या बाजूला उतरतो. त्सुकीत, म्हणजे सरळ ठोशात, मनगट सरळ ठेवा. वाकलं तर पॅडवर पहिल्याच ठोशाला दुखावतं. पॅडवर अधूनमधून मारावंच, हवेतला ठोसा स्वतःबद्दल खोटं बोलतो.

आता नागेचा प्रहार, म्हणजे आतेमी. कातातेदोरीवरून (उकेनं एका हातानं मनगट पकडल्यावर) इक्क्यो ओमोते हे हात ताब्यात घेण्याचं तंत्र समोरून करताना मोकळा हात चेहऱ्याकडे जातो. उकेचं लक्ष तिकडे वळतं, पकडीतला जोर क्षणभर सुटतो आणि मनगट वर नेता येतं. आतेमी गाळली की तिथे दंडाची ओढाताण सुरू होते. तिचा आणखी एक उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो: जागा तपासणं. इरिमीनागेत, म्हणजे आत शिरून पाडण्याच्या तंत्रात, उकेच्या मागे शिरल्यावर थांबा. तुमचा मोकळा हात त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचतो का? त्याचा दुसरा हात तुमच्यापर्यंत पोचतो का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही आलं, तरच इरिमी, म्हणजे आत शिरणं, झालं. दोन्हींना हो आलं तर अर्धं पाऊल कमी पडलं आहे.

तोमिकी केंजी यांनी घडवलेल्या ऐकिदोच्या शैलीत तर मूळ सतरा तंत्रांपैकी पहिली पाच आतेमीचीच आहेत. त्यातल्या शोमेनआतेत तळहाताचा मनगटाजवळचा भाग हनुवटीवर ठेवून सगळं शरीर पुढे नेतात, आणि समोरचा मागे कोलमडतो. हात ताठ करून ढकललं तर मात्र तो फक्त एक पाऊल मागे घेतो.