तिसरी तबकडी

पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्ड्स नेहमी जमिनीवर असतात. नळाच्या तोट्या, पाने-पक्कड, बंद पडलेली घड्याळं यांना ताडपत्रीवर मानाची जागा मिळते. रेकॉर्ड्स मात्र खोक्यात, आणि खोकं सगळ्यात खाली, बहुतेक वेळा पंख्याच्या पात्यांखाली. त्यामुळे उकिडवं बसल्याशिवाय हा छंद जमत नाही. गेली अकरा वर्षं बुधवार जमला नाही तरी रविवार मी सोडलेला नाही. गुडघ्यांच्या डॉक्टरांना मी जिने जास्त चढतो असं सांगितलं आहे.

मला हवी आहे ती एका संगीत नाटकाच्या संचातली तिसरी तबकडी. नाटकाचं नाव सांगणार नाही. नाव फुटलं की भाव चढतो, आणि हा लेख कोण कोण वाचेल याचा नेम नाही.

झालं असं की एक वाडा पाडायला निघाला आणि तिथल्या रद्दीत मला एक पुठ्ठ्याची जाडजूड वही मिळाली. आत कागदाची पाकिटं शिवलेली, प्रत्येक पाकिटात एक ७८ची रेकॉर्ड. गाण्यांच्या संग्रहाला आपण आजही अल्बम म्हणतो ते या वहीमुळे. फोटोंच्या अल्बमसारखी दिसायची म्हणून ते नाव पडलं. वहीत सहा पाकिटं होती आणि रेकॉर्ड्स पाच. पहिली, दुसरी, चौथी, पाचवी, सहावी. तिसऱ्या पाकिटात एक वाळलेलं पिंपळाचं पान होतं.

दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, तेव्हा एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावतात. रात्र रात्र चालणारी संगीत नाटकं कंपन्यांनी अशा तुकड्यांत कोंबली. पात्रांना धड रुसायलाही वेळ नाही. पदाची एक आवर्तनभर तान झाली की लगेच पुढचा संवाद. माझ्या संचात चौथ्या बाजूच्या शेवटी नायिकेचे वडील गरजतात, "या घरात तुला आता थारा नाही!" ऑर्गनचा एक सूर लांबतो, सुई मधल्या मोकळ्या जागेत शिरते आणि खरखर सुरू होते. त्यानंतर माझ्याकडे आहे ती थेट सातवी बाजू. ती सुरू होते तेव्हा सगळे हसताहेत आणि वडील कुणाला तरी पेढा भरवताहेत.

मधली सहा-साडेसहा मिनिटं गायब. पाठ्यपुस्तकात दोन पानं चिकटलेली असली की होतं तसं. छापील नाटक मी मिळवून वाचलं. त्यात या दोन प्रसंगांच्या मध्ये चाळीस पानं आणि नऊ पदं आहेत. त्यातलं साडेसहा मिनिटांत काय घेतलं असेल? आमच्या घरी यावर मतं आहेत. मुलगी म्हणते, वडिलांना हार्ट अटॅक आला असणार. आई म्हणते, "त्यात काय एवढं, रडून घेतलं असेल तिनं." बायकोचं मत वेगळंच आहे: या विषयावर घरात पुन्हा बोलणं निघू नये.

शोधायला लागल्यावर हात शहाणे होत जातात. रेकॉर्ड उन्हात तिरकी धरायची. खाचा काळ्याभोर चमकल्या तर ठीक, राखाडी दिसल्या तर कुणीतरी एकाच पिनेवर सगळा संसार काढलेला. पोलादी पीन खरं म्हणजे एका बाजूपुरती. डबीवर तसं छापलेलंही असायचं, पण आपल्याकडे चहाची पत्ती दोनदा उकळायची पद्धत, तिथे पिनेची काय कथा! मग नखानं कडेवरून फिरायचं, तडा असेल तर तो नखाला आधी सापडतो. शेवटी बोटावर तोलून हलकी टिचकी मारायची. शेजारच्या कुंभारवाड्यात मडकं घेताना मारतात तशीच. शाबूत तबकडी बोलते, तडकलेली बद्द वाजते.

चेहऱ्याचं शिक्षण याहून अवघड. हवी ती वस्तू दिसली की आधी दुसरंच काहीतरी उचलायचं. दोन टाकाऊ रेकॉर्ड्स घ्यायच्या, त्यांच्यावर घासाघीस करायची आणि उठता उठता "ही पण टाका त्यात" म्हणायचं. मुंबईला चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, हे मी एकदा फार मन लावून केलं. दुकानदारानं शांतपणे दोन टाकाऊ रेकॉर्ड्स बाजूला ठेवल्या. "साब, ये दो फ्री ले जाओ. जो चाहिये उसका बोलो." त्यानंतर मी त्याच्याशी नाटक केलं नाही. आता तर ही मंडळी तुमच्यासमोर मोबाइल काढून परदेशात काय भाव आहे ते बघतात आणि मग तुमच्याकडे दयेनं पाहतात.

माझं सगळ्यात मोठं पाप मात्र बाजारातलं नाही, घरातलं आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका रेकॉर्डवर बुरशीचे ठिपके होते. घरात सुतारकाम चाललं होतं. म्हटलं, स्पिरिटनं पुसू, जखमसुद्धा पुसतात. कापसाचा बोळा फिरवला तर बोळा काळाकुट्ट. वाटलं, किती ही घाण! आणखी जोरात पुसलं. रेकॉर्ड चिकट झाली. सुतारकाका हातातलं काम टाकून बघत उभे होते. त्यांनी बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, "अहो दादा, हा तर चपडा. आम्ही स्पिरिटात हाच भिजवून पॉलिश करतो." तोपर्यंत एक अख्खं पद बोळ्यावर उतरलं होतं.

खरंच होतं त्यांचं. ७८ची तबकडी म्हणजे लाख, दगडाची भुकटी आणि काजळी. प्लास्टिकची लाँग प्ले येईपर्यंत जगभर गाणं या लाखेवरच वाजलं, आणि ती लाख मुख्यतः आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्यांची. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा रेकॉर्ड्स छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. म्हणजे लाख इथून जायची आणि ठुमरी होऊन परत यायची. गाणं संपल्यावर बाई ठसक्यात इंग्रजीतून सांगायच्या, "माय नेम इज गौहर जान". तिकडच्या कारागिरांना कोणाची तबकडी ते कळावं म्हणून, असं सांगतात. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि ही ये-जा थांबली.

मराठी माणसाला मात्र १९०२ हे साल जरा बोचतं. संगीत रंगभूमीचे गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. ज्यांच्या आवाजानं थिएटरं वेडी झाली त्यांच्यात आणि गैसबर्गच्या आवाज टिपणाऱ्या कर्ण्यात पुरती दोन वर्षंही नाहीत. थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट उलटी. ते १९४६ पर्यंत होते, त्यांच्या शिष्यांच्या रेकॉर्ड्स घरोघर वाजत होत्या, पण त्यांनी स्वतः कर्ण्यासमोर गाणं ठेवलं नाही. तरी खोक्यांभोवती बसणाऱ्यांत एक जण हमखास निघतो, जो आवाज खाली आणून सांगतो की कोल्हापूरकडे एकाकडे आहे म्हणे एक प्लेट. त्यानं ती पाहिलेली नसते. ज्यानं पाहिली तो नेहमी नुकताच वारलेला असतो.

हल्ली रेकॉर्ड्सना बरे दिवस आलेत म्हणतात. आलेत, पण भिंतीवर. परवा एका कॅफेत भाच्याबरोबर गेलो, तर एका भिंतीवर चाळीसेक तबकड्या खिळ्यांनी ठोकलेल्या. मधल्या एकीला तर काटे लावून घड्याळ केलेलं. मी शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याच्या डोक्यावरून वाकून लेबलं वाचत होतो. ती मुलगी घाबरून पर्स जवळ ओढून बसली. भाचा म्हणाला, "मामा, प्लीज." घड्याळ एका कीर्तनाच्या दुसऱ्या भागाचं होतं. पावणेसहा वाजले होते.

गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. मी खोक्याशी बसलेलो, शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. पंच्याहत्तरीचे असावेत. झब्बा, खांद्याला पिशवी, हातात भिंग. उकिडवं बसायची त्यांची सफाई बघूनच मी ओळखलं, हा जुना खेळाडू.

"नाटकाच्या प्लेटा बघताय वाटतं?"

"छे, सहजच."

"मी एका संचाच्या मागे आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी नाटकाचं नाव घेतलं. मोठ्यानं, विक्रेत्याच्या देखत! माझ्या पोटात गोळा आला. पुढे ते म्हणाले, "सहातली एक तेवढी आहे माझ्याकडे. तिसरी."

मी हातातली रेकॉर्ड खाली ठेवली. त्यानंतर चेहऱ्याचं काय झालं असेल ते असो, कारण त्यांनी लगेच विचारलं, "तुमच्याकडे किती?"

झालं होतं असं की या काकांचं सामान नव्या घरात हलवताना खोकं जिन्यावरून गडगडलं आणि पाच तबकड्यांचा चुरा झाला. आदल्या रात्री ऐकता ऐकता झोप लागली म्हणून तिसरी बाजावरच, म्हणजे ग्रामोफोनवरच, राहून गेली होती. बाजा टेम्पोत नाही, रिक्षात मांडीवर गेला. म्हणून ती वाचली.

आम्ही चहा घेतला. मी म्हटलं, काका, एकीचं काय करणार तुम्ही, मला द्या, म्हणाल ती रक्कम. ते म्हणाले, "पाच असून तुमचं नाटक पुरं होत नाही. माझ्या एकीनं होतंय. आधीचं आणि नंतरचं मला पाठ आहे. तेव्हा गरज तुम्हाला, आणि पाच मला द्यायला हव्यात तुम्ही." हा हिशेब मला तेव्हाही कळला नाही, अजूनही कळलेला नाही. एका घरी दोन्ही आणून ऐकू म्हटलं, तर तबकडी घराबाहेर काढायला ते तयार नाहीत. मीही नाही. रिक्षाचा काय भरवसा?

उठता उठता मी विचारलं, "पण आहे काय हो तिच्यात?"

त्यांनी भिंग पिशवीत टाकलं. "सांगू?"

"नको."

आम्ही नंबर घेतले. महिन्या-दोन महिन्यांनी फोन होतो. "काय, देताय का?" "तुम्ही?" "छे." मग पाऊसपाणी, गुडघे. दिवाळीनंतर एकदा काका म्हणाले, "तुमची फारच दया येते हो. थांबा, फोन बाजाजवळ धरतो, ऐका." चावी भरल्याचा कुरकुर आवाज आला. पीन टेकली. खरखर, मग ऑर्गनचा सूर, तोच, चौथ्या बाजूच्या शेवटी लांबत गेलेला. नायिकेनं श्वास घेतला.

मी फोन कट केला. काकांचा लगेच परत आला. त्यांना सांगितलं, रेंज गेली.