समुद्रात नसलेली भिंत

अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ संपतो. शाळकरी मुलांसाठी या थराचं त्रिमितीय चित्र करायचं काम गोव्यातल्या पर्वरीच्या आमच्या कार्यालयाकडे आलं. वरिष्ठांनी पहिल्याच बैठकीत मार्चिंग क्यूब्ज ठरवून टाकलं. 1987 ची ही पद्धत, ठरलेल्या मर्यादेइतकं मूल्य जिथे आहे तिथून पृष्ठभाग काढणारी. डेटाच्या प्रत्येक घनाकार चौकटीचे आठ कोपरे मर्यादेच्या वर की खाली, याच्या 256 शक्यता. तक्त्यात बघून त्रिकोण काढायचे. साध्या ग्राफिक्स कार्डावरही पळते, चकाकते. पण डेटा कोणी उघडलाच नव्हता. नुसत्या दिसण्यावरून तंत्र निवडायची आमच्या धंद्यातली ही खोड मला सहन होत नाही.

डेटा वर्ल्ड ओशन अ‍ॅटलास या जगभरच्या समुद्रांच्या मोजमाप-संग्रहाचा, खोलीच्या 102 पातळ्यांचा. वरचे 100 मीटर दर 5 मीटरला, 2000 च्या खाली दर 100 मीटरला. ग्राफिक्स कार्ड ज्यात हा डेटा ठेवतं ते त्रिमितीय टेक्स्चर मात्र सगळे थर समान अंतरावर धरतं. तसंच भरलं तर वरचे 100 मीटरच चित्राचा पाचवा हिस्सा खातात! म्हणून खोलीवरून थर सांगणारं छोटं एकमितीय टेक्स्चर मी शेडरला, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या प्रोग्रामला, जोडलं. पडद्यावर हे काम दिसत नाही, पण त्याच्याविना बाकी सगळं खोटं.

चाचणीला आलेल्या बेतूलच्या एका मुलीने मार्चिंग क्यूब्जने काढलेला, 20 मायक्रोमोल (ऑक्सिजन मोजायचं एकक) मर्यादेचा पृष्ठभाग फिरवून पाहिला. "सर, ह्या भिंतीपलीकडे मासळी जाऊच शकत नाही?"

समुद्रात 19 आणि 21 च्या मध्ये भिंत नसते. कुठला मासा किती कमी ऑक्सिजनवर तगतो, तेही जातीवर अवलंबून. शिवाय डेटाची चौकट अक्षांश-रेखांशाच्या एका अंशाची. पेडणे ते काणकोण अख्खा गोवा जेमतेम एका चौकटीएवढा. मधली गुळगुळीत वळणं गणिताने भरलेली.

लगेच रे कास्टिंगवर गेलो. प्रत्येक पिक्सेलमधून किरण, वाटेत नमुने, मूल्यानुसार रंग आणि पारदर्शकता. भिंतीऐवजी धुकं. वेग राखायला नमुन्यांमधली पावलं लांब केली, की पारदर्शकता नव्याने मोजावी लागते, नाहीतर धुकं उगाच विरळ होतं. चित्र खरं वाटलं. मग समुद्रशास्त्रज्ञ मॅडम म्हणाल्या, "आता 20 कुठे आहे ते मी कसं वाचू?"

त्यांचंही बरोबर.

सध्या धुक्यात एक फिकट पृष्ठभाग ठेवलाय, मर्यादा सरकपट्टीने बदलते. 20 वरून 40 वर नेली की तो फुगतो, आणि भिंत आपणच उभी केली होती हे मुलांना कळतं. वरिष्ठ म्हणतात, पट्टी काढा, मुलं गोंधळतील. मी अजून काढलेली नाही.