कोपऱ्यातला आकडा

खेळाडूंच्या कार्डांचं पाकीट फाडायचं, अंगठ्याने एकेक कार्ड सरकवायचं, आधी खेळाडूचा चेहरा बघायचा आणि मग उलटून मागचा मजकूर वाचायचा, ही माझी जुनी रीत. हल्ली अंगठा चेहऱ्यावर थांबतच नाही, कडेची चमक शोधत पुढे पळतो. परवा नारिंगी किनारीचं एक बेसबॉल कार्ड निघालं. कोपऱ्यात सोनेरी ठसा, 17/25. म्हणजे अशी पंचवीसच छापलेली. काळजाचा ठोका चुकला, कार्ड तत्काळ प्लास्टिकच्या कवचात. रात्री घरात कुणीतरी विचारलं, "कोण निघालं?" आणि मला नाव आठवेना!

शोधल्यावर कळलं, तोच फोटो साध्या पांढऱ्या किनारीत माझ्या ढिगात कधीचा पडून आहे. फरक काय तो रंगाचा आणि किती छापली त्या आकड्याचा. या उतरंडीच्या टोकाला 1/1, जगात एकमेव. कंपन्या तर छपाईच्या धातूच्या प्लेटाही पाकिटांत घालतात: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. एकाच कार्डाच्या चार, आणि चारही एकमेव! खेळाडूच्या जर्सीचा आणि कार्डावरच्या ठशाचा क्रमांक जुळला तर भाव आणखी चढतो. (मीही ताडून पाहिला. नाही जुळला.)

कार्डं छापणाऱ्या 'टॉप्स' कंपनीचं 1952 सालचं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड दुर्मिळ झालं ते कुणाला नको होतं म्हणून. मोसम उतरणीला लागल्यावर आलेली ती मालिका खपलीच नाही. 1960 मध्ये टॉप्सच्या साय बर्गरने उरलेल्या पेट्या चक्क अटलांटिक महासागरात बुडवल्या. विकली गेली त्यांतली कित्येक पोरांनी सायकलच्या आऱ्यांत अडकवून फडफडवली, कित्येक आयांनी केरात काढली. वाचलेल्यांपैकी एक 2022 मध्ये सव्वा कोटी डॉलरच्या वर गेलं.

जुन्या कार्डांना असे भाव येऊ लागले तशी माणसं शहाणी झाली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस लोक खोकीच्या खोकी न उघडता माळ्यावर टाकत होते आणि कंपन्या छापत सुटल्या होत्या. सगळ्यांनीच सगळं जपलं, मग दुर्मिळ काय होणार, कपाळ? त्या काळाला संग्राहक आजही 'जंक वॅक्स', म्हणजे मेणकागदी पाकिटांतली रद्दी, म्हणतात. पुढे कंपन्यांनी टंचाई थेट छापूनच द्यायला सुरुवात केली.

माझ्या सतराव्याची चोवीस भावंडं अशीच कुठे कुठे कवचांत बसली असतील. त्यांतलं एकही आता हरवायचं नाही, पावसात भिजायचं नाही की कुणाच्या सायकलला लागायचं नाही.

काल ते साधं कार्ड पुन्हा हातात घेतलं. एक कोपरा दुमडलेला, वर तेलकट बोटाचा डाग, बहुधा माझ्याच. सवयीने उलटलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: चेंडू डाव्या हाताने फेकतो, फलंदाजी उजव्या हाताने करतो. बेसबॉलमध्ये असा उलटा गडी क्वचितच सापडतो, आणि हा इतके महिने माझ्या ढिगात तळाशी होता.