पंप घेऊन येऊ नये

माझा बालदमा सातवीत गेला. म्हणजे घरच्यांनी तसं जाहीर केलं. वाफा, गोळ्या, कोजागिरीच्या रात्रीची औषधी खीर, सगळं करून झालं होतं. श्रेय अजूनही खिरीलाच मिळतं. आता मी 26 वर्षांची आहे. मधली सगळी वर्षं सर्दी छातीत उतरली की तीन आठवडे खोकला ठरलेला. जिना पळत चढले की छाती आवळायची, तीही वर पोचून पाच-दहा मिनिटं झाल्यावर. "स्टॅमिनाच नाही तुला," असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. यंदा पावसाळ्यात पहाटे चारला छाती वाजायला लागली तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी त्रास होईल तेव्हा घ्यायला पंप दिला आणि पीएफटी, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, करून आणायला सांगितलं.

इथून खरी गंमत. मोठं हॉस्पिटल, साडेसातला पोचले, पैसे भरले, टोकन 14. पावणेदहाला नंबर लागला.

"सकाळी पंप घेतलात?"

घेतला होता. सहा वाजता, दोन पफ. रांगेत खोकत बसायचं नव्हतं मला.

"मग आज नाही होणार. चार ते सहा तास जायला लागतात."

म्हटलं, चार तासांना पंधराच मिनिटं राहिलीत, बाहेर थांबते. "आम्ही सहा धरतो." बरं, मग बाराला येते. "बाराला मशीन बंद." पुढची तारीख अकरा दिवसांनंतरची!

कारण पटण्यासारखंच आहे. श्वासनळ्या किती आवळल्यात आणि औषधाने किती उघडतात हेच मोजायचं असतं. मी त्या घरूनच उघडून आले तर मोजणार काय? पण हे चिठ्ठीवर नाही, पावतीवर नाही, मेसेजमध्ये नाही. मेसेजमध्ये पार्किंगचे दर मात्र होते. (लांब टिकणारा पंप असेल तर आणखी आधी थांबवावा लागतो, पण तो डॉक्टरांना विचारूनच.)

दुसऱ्या खेपेला नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी आणि स्क्रीनवर विझवायला मेणबत्त्या. लहान मुलांसाठीचं चित्र कुणी बदललंच नव्हतं. "फुंका, फुंका, फुंका, सोडू नका!" सहा सेकंद फुंकणं म्हणजे काय ते तिथे कळतं. तिसऱ्या फुंकीत खोकला आला, ती बाद. मग औषधाचे पफ, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तेच. फुंकलेल्या हवेचा आकडा 7 टक्क्यांनी वाढला. 12 टक्के आणि 200 मिली वाढला तर दमा धरतात. रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट देणारे डॉक्टर म्हणाले, "काही नाहीये तुम्हाला." पहाटे चारला या म्हणावं घरी.

आमच्या डॉक्टरांना मात्र काहीच नवल वाटलं नाही. बऱ्या दिवशी फुंकलं तर नॉर्मलच येणार, म्हणाले. लहानपणीचा दमा गेला असं वाटतं, पण बऱ्याच जणांच्या नळ्या आतून हुळहुळ्याच राहतात. त्यांनी प्लॅस्टिकचा पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकीचा जोर मोजायचं साधन, घ्यायला लावला. दोन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, उभं राहून तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. एके दिवशी माझे सकाळी 380, संध्याकाळी 460. दिवसातला फरक सरासरी 10 टक्क्यांवर गेला की मोठ्यांमध्ये दम्याचा संशय घेतात. माझा त्या दिवशी 19 होता. सुरुवात इथूनच केली असती तर दोन सुट्ट्या वाचल्या असत्या.

आता ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप आहे, म्हणजे नळ्यांची सूज कमी करणारं आणि नळ्या उघडणारं औषध एकत्र. नुसता तात्पुरत्या आरामाचा पंप पुरेसा नाही, असं जागतिक मार्गदर्शक सूचनाही 2019 पासून सांगतात. घेतल्यावर चूळ भरायची. आई रोज "सवय लागेल" म्हणते, मी रोज चूळ भरते. हो, आणि पीएफटीला जाताना घट्ट कपडे नकोत, पोटही गच्च नको. हे सांगायचं राहिलंच होतं.

परवा फेरतपासणीला गेले तर त्या खोलीच्या दारावर कागद चिकटवलेला. माझ्या तक्रारीचाच परिणाम असावा, म्हणून जरा ऐटीत वाचायला गेले: "पंप घेऊन येऊ नये." माझ्या पुढच्या आजोबांनी तो नीट वाचला, खिशातला पंप काढला आणि नातवाला म्हणाले, "जा, गाडीत ठेवून ये."