ईव्हीत ट्रॅक्शनचा दिवा पेटून राहिला तर

ओल्या रस्त्यावर दिवा लुकलुकला तर तो बिघाड नव्हे, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) आपलं काम करतंय. तो पेटूनच राहिला, जोडीला एबीएसचाही (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर रीजन, म्हणजे मोटरनेच गाडी मंदावून बॅटरी भरणं, जाणवेना, तर शोध घ्यावा लागतो. चाकांचा वेग नीट कळेनासा झाला की बऱ्याच गाड्या रीजन आखडतात. लगेच मोटरवर संशय नको.

आधी १२ व्होल्टची बॅटरी. लेड-ॲसिड असेल आणि गाडी काही तास बंद ठेवल्यावर १२.२ च्या खाली दिसली, तर चार्ज करूनच गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचा. अशक्त बॅटरी भलतेच कोड टाकते. टायर चारही कंपनीने सांगितलेल्या मापाचेच हवेत.

मग स्कॅनरवर (गाडीला जोडून कोड वाचायचं यंत्र) लाइव्ह डेटा, म्हणजे चारही चाकांचे त्या क्षणीचे वेग. सरळ रस्त्यावर २०-३० च्या वेगाने चारही आकडे जवळपास सारखे दिसायला हवेत (स्कॅनर शेजारी बसलेल्याकडे द्या). एखादा मधेच शून्यावर येत असेल तर त्या चाकाचा सेन्सर काढून टोकावरची लोखंडी भुकटी पुसा, बसण्याच्या जागेवरचा गंज घासा. स्टिअरिंग वळवल्यावरच आकडा जात असेल तर बहुधा वायर आतून तुटलीय. ॲक्टिव्ह (बाहेरून वीज पुरवावी लागणाऱ्या) सेन्सरला ओहममीटर लावू नका, सप्लाय व्होल्टेज तपासा.

बेअरिंग नुकतंच बदललंय? चुंबकी रिंग असलेली बाजू सेन्सरकडेच हवी. उलटं बसवलेलं बेअरिंग फिरतं झकास, सिग्नल मात्र देत नाही. अलाइनमेंटनंतर दिवा आला असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सर कॅलिब्रेट करून घ्या. नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) केबलींना हात लावायचं यात कुठेच काम पडत नाही.